रिकाम्या नळीचा आकडा

"म्हणजे कोंडाबाई खोटं बोलते?"

"मी तसं म्हणत नाही, बुवा. यंत्र म्हणतंय."

टेकडीवरच्या मठात, झऱ्याच्या टाकीपाशी दोघं बसले होते. नागोजीबुवा सत्तरी ओलांडलेले. निशिकांत त्यांचा शिष्य, शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून आलेला. नोकरी सुटली होती, इंजिनिअर सुटला नव्हता.

झऱ्याचं पाणी टाकीत पडायचं आणि काळ्या प्लास्टिकच्या नळीतून उतरून खालच्या धनगरवाड्यातल्या नळाला जायचं. टाकीपासून हातभर अंतरावर निशिकांतने त्या नळीला आपलं यंत्र बसवलं होतं. दोन चुंबकं, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि आकडा दाखवणारा छोटा पडदा. असली यंत्रं लाखांच्या घरात जातात. त्याने बाजारातल्या साध्या चुंबकांवर भागवलं होतं, आणि ते किती स्वस्तात झालं हे सांगताना तो मुळीच हात आखडता घेत नसे.

सकाळीच कोंडाबाई रिकामी घागर घेऊन टेकडी चढून आली होती. बरोबर वाड्यावरच्या दोघीतिघी.

"बुवा, नळाला पानी न्हाई. घरात सून बाळंतीण हाय. वढ्या-व्हाळावनं पानी आनून आनून कंबर मोडली माजी."

बुवा काही बोलायच्या आत निशिकांत उठला होता. पडद्यावर साठ होते. त्याने तिला तो आकडा दाखवला, सगळ्यांसमोर.

"मिनिटाला साठ लिटर जातंय, मावशी. वाटेत तुमच्या म्हशी पितात का, ते तुम्हीच बघा. नळावर आळ घेऊ नका."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोंडाबाईने घागर मठाच्या पायरीवर ठेवली आणि तशीच उतरून गेली.

घागर अजून पायरीवरच होती.

बुवा त्या घागरीकडे बघत होते.

"मला समजाव," ते म्हणाले. "तुझं यंत्र पाणी कसं मोजतं?"

निशिकांतचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नसे.

"नळीच्या आत काही नाही, बुवा. चक्र नाही, पातं नाही. त्यामुळे गाळाने अडकायची भीती नाही. चुंबक बाहेरूनच पाण्याच्या कणांना एका ओळीत उभं करतं. मग तारेतून मी हाक मारतो. ते ओ देतात."

"ओ देतात?"

"बारीकशी. मग जरा थांबून ऐकायचं. तोवर जे कण पुढे वाहून गेले, त्यांची ओ तारेला ऐकू येत नाही. पाणी उभं असेल तर ओ मोठी येते, पळत असेल तर लहान. ओ जितकी कमी, तितका वेग जास्त."

"आणि ओ आलीच नाही तर?"

"तर सगळे निघून गेले. पूर्ण वेग. साठ."

"अस्सं..."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, ऐकायला शीक म्हणून. पाण्याचंसुद्धा ऐकणारं यंत्र केलं मी."

बुवा हसले नाहीत.

"आकडा हलत नाही तुझा?"

"आधी हलायचा. पाचोळा यायचा, बुडबुडे यायचे. म्हणून टाकीत नळीच्या तोंडाला फडकं बांधलं. दुहेरी. सोमवारपासून बघा, जागचा हललेला नाही."

बुवा उठले. कोपऱ्यात नळीचे उरलेले तुकडे पडले होते. त्यांतला एक त्यांनी उचलला, तोंडाला लावला आणि जोरात फुंकर मारली. दुसऱ्या तोंडातून धूळ उडाली. धुळीमागून एक कोळी बाहेर पडला आणि भिंतीकडे पळाला.

"यंत्र याला लाव."

"बुवा, यात काहीच नाही."

"लाव तर खरं."

यंत्र डबीसारखं दोन भागांत उघडायचं. निशिकांतने ते मोठ्या नळीवरून काढलं, तुकड्याभोवती बसवलं आणि कळ दाबली.

साठ.

"बघ रे," बुवा म्हणाले. "त्या कोळ्याच्या घरात केवढा पूर आलाय."

निशिकांतने पुन्हा कळ दाबली. पुन्हा साठ. तिसऱ्यांदा दाबायचा त्याला धीर झाला नाही.

"हाक मारली, ओ आली नाही. म्हणून सगळे निघून गेले? की कोणी आलंच नव्हतं?"

अगदी हळू, स्वतःलाच सांगावं तसं निशिकांत म्हणाला, "हाक मारल्या मारल्या जी पहिली ओ येते, ती मोजायला हवी होती. आत पाणी आहे का, ते तिनेच कळतं. मी मोजलीच नाही. नळी भरलेलीच असणार, असं धरून चाललो."

तो टाकीकडे गेला. टाकी काठोकाठ भरून बाजूने वाहून जात होती. सोमवारपासून तशीच वाहत होती. दोघांच्याही डोळ्यांसमोर वाहत होती, पण डोळे पडद्यावर होते.

त्याने बाही न सरसावताच हात आत घातला. फडक्यावर गाळाचा थर बसला होता, बोटभर जाड; नळीत थेंबही शिरत नव्हता. ओढल्याबरोबर नळीने घटाघटा पाणी घ्यायला सुरुवात केली. त्या आवाजाने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाणी त्यानेच बांधून ठेवलं होतं, आपला आकडा नीट दिसावा म्हणून. आणि म्हशींचं ते वाक्य, जे सकाळी त्याला स्वतःलाच फार चटपटीत वाटलं होतं, ते आता शब्द न् शब्द आठवत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिखलाचं फडकं हातात धरून तो उभा राहिला.

"पाणी मी अडवलं, बुवा. आणि खोटी तिला ठरवलं."

"तू एकट्याने नाही."

निशिकांतने वर पाहिलं.

"तू आकडा दाखवलास तेव्हा मी इथेच होतो," बुवा म्हणाले. "गप्प बसलो. आपला शिष्य, आपल्या मठातलं यंत्र... मला बरं वाटलं होतं रे. तिचा चेहरा मी पाहिला होता. तरी बरं वाटलं होतं."

बुवांची मान खाली होती. त्यांना तसं निशिकांतने कधी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लाजेपेक्षा ते त्याला जड गेलं.

"मी जातो," निशिकांत म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर तिचे पाय धरीन."

"आणि तिने ओ दिली नाही तर?"

"दारात उभा राहीन."

बुवांनी पायरीवरच्या घागरीकडे बोट केलं.

निशिकांतने घागर विसळली, टाकीत बुडवून भरली. यंत्र उचलून त्याने पुन्हा मोठ्या नळीला बसवलं. हाताची सवय, दुसरं काय. या वेळी आकडा स्थिर नव्हता. एकवीस, तेवीस, पुन्हा एकवीस. त्या थरथरत्या आकड्याकडे बघून त्याला पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं.

घागर खांद्यावर घेताना तो वाकला. वाट उताराची होती, गोट्यांची होती, आणि घागर चांगलीच जड होती. दोन पावलं जाऊन तो थबकला.

"बुवा, आता खाली नळाला पाणी आलंय. मग ही भरून कशाला नेऊ? रिकामीच देतो परत."

बुवा जवळ आले. त्यांनी त्याच्या खांद्यावरची घागर दोन्ही हातांनी नीट बसवली.

"नळाला आलंय, हे तुला कोणी सांगितलं?"