जिभेला न लावलेली वडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, राजाचं तर नाहीच नाही. लक्षात राहिली ती एक साबणवडी. का राहिली, तेच सांगतो. पोरांनो, चुळबूळ थांबवा. आणि थोरांनो, तुम्हीही कान द्या, कारण ही गोष्ट तुमच्याच जास्त कामाची आहे.

नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे राजवाडा. गावात भिवरा नावाची एक बाई राहायची. साबणवड्या, उटणं, टाचांच्या भेगांचं मलम असं सगळं ती घरीच करून विकायची. घरात एकटीच, पण हाताला गुण असा, की तिची वडी लावली की नवरीला हळदीची गरज नाही, असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात. पण वडी चांगली होती एवढं खरं.

हे कसब आईकडून आलेलं. खारमातीचं पाणी गाळायचं, त्यात चुना घालायचा, ते जहाल पाणी तेलात ओतून दंड भरून येईस्तोवर घोटायचं. मग वड्या पाडायच्या आणि बांबूच्या मांडणीवर चाळीस दिवस मुरू द्यायच्या. चाळीस म्हणजे चाळीस. कच्ची वडी दिसायला अगदी मुरलेल्या वडीसारखीच दिसते, वासही तोच येतो. पण तिच्या पोटातला खार अजून जिवंत असतो, आणि तो कातडी खातो.

"म्हणून पोरी, ध्यानात ठेव," आई सांगायची. "आधी जीभ, मग गाल, मग गिऱ्हाईक."

म्हणजे काय, तर वडी आधी आपल्या जिभेच्या टोकाला लावायची. चटका बसला तर ती पुन्हा मांडणीवर. नाही बसला तर आपल्या गालाला चोळायची. गालानंही तक्रार केली नाही, तरच वडी उंबऱ्याबाहेर जायची. भिवरानं हा नेम कधी मोडला नव्हता.

एकदाच मोडला. आणि त्या एकदाची शिक्षा किती मोठी, ते आता ऐका.

राणीचे दिवस भरत आले होते. राजवाड्याचा कारभारी भिवराच्या दारात येऊन म्हणाला, "भिवराबाई, बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगाला पहिल्यांदा साबण लागायचा, तो तुझा. सगळं नीट पार पडलं तर तुझ्या दारावर राजवाड्याची पाटी लागेल."

पाटी! भिवराची आई जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरली होती. 'पुढं जा बाई' हे तिनं किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नव्हती. त्या आईच्या लेकीच्या दारावर राजवाड्याची पाटी लागणार होती. भिवराचे पाय जमिनीवर ठरेनात. बाळंतपणाला अजून दीड महिना होता. तिनं घाण्यावरचं ताजं तिळाचं तेल आणलं, साय घातली, चंदन उगाळून घातलं आणि साठ वड्या पाडल्या.

पण बाळं कुठं पंचांग बघून येतात? अठराव्या दिवशी कारभारी चांदीचा डबा घेऊन दारात हजर झाला.

"बाळराजे आले! दिवसांआधीच आले. आज तिसरा दिवस. दे वड्या."

भिवरा म्हणाली, "कारभारी, चाळीस दिवस व्हायचेत अजून. वड्या मुरल्या नाहीत."

"बारसं थांबतं का कुणासाठी?" कारभारी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "बारशाचं सामान आठ दिवस देवापुढं ठेवायची राजवाड्याची रीत आहे. आज डबा रिकामा नेला तर माझी धडगत नाही. जुन्या वड्या असतील तर त्या दे."

"जुन्या सगळ्या जत्रेत गेल्या."

"मग पलीकडच्या अत्तरवाल्याकडे जातो. त्याच्याकडे ढीग पडलाय. पाटीही त्याच्याच दारावर लागेल, मग माझ्या नावानं बोटं मोडू नकोस."

भिवरानं मांडणीकडं पाहिलं. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत वड्या. एक वडी तिनं उचलली, जिभेपर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. जीभ काय सांगणार, ते तिला ठाऊक होतं. ते ऐकायचं नव्हतं, म्हणून तिनं जिभेला विचारलंच नाही.

तिनं डबा भरला.

तेवढ्यात शेजारची सगुणा कुंभारीण दारात डोकावली. डब्याच्या बाहेर एक मोडकी वडी राहिली होती. "अगं भिवरे, राजाची वडी ना ही? हा मोडका तुकडा तरी मला दे की!" कारभारी समोर उभा. वडी कच्ची आहे असं त्याच्या देखत कसं म्हणायचं? भिवरा हसली आणि म्हणाली, "घेऊन जा, वहिनी."

कारभारी गेला. सगुणाही गेली. आणि भिवराच्या मनात जी पाल चुकचुकली, ती काही थांबेना.

पहिले दोन दिवस तिनं मनाची समजूत घातली. डब्यात का होईना, वड्या मुरतीलच की थोड्या. एवढी साय घातलीय, ती खाराला गप्प बसवेल. राजाघरचं बाळ, साबण काय नुसता दाखवायला लावतील. माणूस स्वतःला फसवायला बसला, की त्याच्यासारखा वकील सापडायचा नाही.

चौथ्या दिवशी सगुणा आली. तिनं हात पुढं केले. बोटं लालबुंद झाली होती, सालपटं निघत होती, बेचक्यांतून पाणी झिरपत होतं.

"मातीतच काहीतरी आलंय बघ या खेपेला," सगुणा म्हणाली. "तुझ्या त्या वडीनं धुते रोज, म्हटलं तेवढंच बरं वाटेल. तर उलट आगच होते. दे काहीतरी मलम."

त्या वेळी सांगायला हवं होतं. भिवरानं तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हो वहिनी, मातीच असेल." आणि तिनं मलम दिलं.

कुंभारणीचे हात म्हणजे मातीत रापलेले, घट्टे पडलेले. त्यांची ही दशा, तर बारा दिवसांच्या बाळाचं काय होईल? ज्याच्या अंगाला आईचं बोट लागलं तरी वळ उमटतो, त्या अंगावर ही वडी चोळणार. मानेच्या घडीत, काखेत, डोळ्यांजवळ. एवढं मनात आलं, की भिवराचा हातातला घास हातातच राहायचा.

तिची पाचावर धारण बसली. रस्त्यावर घोडा दुडकला की ती दाराआड व्हायची. दवंडीवाला गेला की कानात बोटं घालायची. नदीपलीकडून हलगी ऐकू आली की तिला वाटायचं, आता शिपाई निघाले, आता नाव अलीकडे लागली, आता मला ओढत नेणार. जाऊन सांगावं, तर राजा हात तोडेल. न सांगावं, तर बाळ होरपळेल. मांडणी रिकामी होती, चूल थंड होती आणि भिवरा दिवसभर उंबऱ्याच्या आत बसून नदीकडं बघायची. दर दिवशी ती ठरवायची, उद्या जाईन. असे पाच उद्या निघून गेले.

बाराव्या दिवसाची सकाळ उजाडली. बारशाचा दिवस.

शेजारच्या अंगणात सगुणाची लेक माहेरी आलेली, तिची चार महिन्यांची पोर पाटावर उताणी पडून पाय झाडत होती. सगुणानं हातांना फडकी गुंडाळली होती. ती लेकीला म्हणाली, "तो तुकडा घे गं. आज राजाचं बाळ त्या वडीनं न्हाणार, आपलीही न्हाऊ दे. नशीब उजळेल पोरीचं."

भिवरा कुंपणावरून आलीच म्हणा ना. काटे लागले, लुगडं फाटलं, त्याचं भान नव्हतं. लेकीच्या हातातून तिनं तुकडा हिसकावला. "नको! लावू नका तिला!"

"अगं बाई, वेड लागलं का तुला?" सगुणा ओरडली. "काय आहे त्यात?"

 भिवरानं तुकडा जिभेला लावला. नऊ दिवसांपूर्वी करायचं ते आज केलं. जिभेवर निखारा ठेवावा तसा चटका बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं. वडी कच्ची होती. वहिनी, तुमचे हात मातीनं नाही, माझ्या वडीनं जळलेत. मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही.

सगुणा आपल्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं नातीला उचलून छातीशी धरलं.

"माझ्या हातांचं राहू दे," ती म्हणाली. "माझ्या नातीसाठी काट्यांतून आलीस. मग ते पलीकडचं लेकरू नाही का?"

त्याच वेळी नदीपलीकडे चौघडा सुरू झाला.

भिवरा धावत सुटली. नावाडी म्हणाला, "अजून माणसं येऊ देत." ती म्हणाली, "तुझ्या पाया पडते, सोड नाव." राजवाड्याच्या दारावर शिपायानं भाला आडवा धरला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, "बाळाच्या आंघोळीची वडी! लावू नका म्हणावं! कातडी जाळते ती!" शिपाई पांढराफटक पडला. त्यानं तिला दंडाला धरून फरफटत आतच नेलं.

न्हाणीघरात वाफ दाटली होती. राणी पाटावर बसली होती. कारभारी दाराशी उभा होता. म्हातारी सुईण धोंडाई पाय पसरून बसली होती, तिच्या पायांवर बाळ होतं, ओलंचिंब, आणि टाहो फोडून रडत होतं. भिवराला वाटलं, संपलं. आपण उशीर केला. जे सगुणाला सांगितलं तेच सगळं तिनं राणीला सांगितलं. कारभाऱ्यानं घाई केली होती, तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. त्याची मान आपसूकच खाली गेली.

 बाळ रडतच होतं.

धोंडाईनं तांब्यातलं पाणी बाळाच्या पाठीवर सोडलं. "रडतंय ते पाण्याला," ती म्हणाली. "सगळीच रडतात. आणि अंगाला लावलंय ते बेसन आणि साय."

मग तिनं भिवराकडं वळून जीभ बाहेर काढली. टोकावर पांढरा, वाळत आलेला फोड होता.

"माझ्या पायांवर न्हाणाऱ्या लेकराला जे लागतं, ते आधी माझ्या जिभेला लागतं," धोंडाई म्हणाली. "डबा आला त्याच दिवशी कळलं मला. चार दिवस मीठ खाता आलं नाही. तो डबा देवापुढंच राहिला, बाळाजवळ येऊ दिला नाही. बोलले नाही कुणाला. म्हटलं, करणारीला तर ठाऊक असणारच. बघू, येते का. आज आली नसतीस, तर बारसं झाल्यावर राजासमोर तोच डबा ठेवणार होते."

राणीनं बाळाला उचलून घेतलं. ती म्हणाली, "आणि धोंडाईनं जीभ लावली नसती तर?"

भिवरानं कपाळ जमिनीला टेकलं. या प्रश्नाला उत्तर तुमच्या-माझ्याकडं तरी कुठं आहे?

"तू का नाही लावलीस?" राणीनं विचारलं.

"भीती वाटली, राणीसाहेब. जीभ खरं बोलेल याची."

राणीनं बाळाला पदरात गुंडाळलं. मग म्हणाली, "उशिरा का होईना, आपल्या पायानं चालत आलीस, म्हणून हात राहतील तुझे. पण दारावर पाटी लागायची नाही. डबा उचल आणि घरी ने. यापुढं या घरासाठी जी वडी करशील, ती इथं उभं राहून धोंडाईसमोर जिभेला लावायची. मगच ती आत येईल."

तसंच झालं. भिवराच्या दारावर पाटी कधी लागली नाही. सगुणाचे हात बरे व्हायला दोन महिने गेले, आणि ते दोन महिने कुंभारवाड्यातली माती रोज सकाळी भिवरानं तुडवली. सगुणा पहिले पंधरा दिवस तिच्याशी बोललीसुद्धा नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, "खडे राहिलेत त्यात, नीट तुडव." भिवराला तेवढ्यानंही भरून आलं.

पुढं एकदा परगावचा व्यापारी आला. "मांडणी भरलेली दिसतेय," तो म्हणाला. "दे सगळ्या वड्या. जत्रा परवावर आलीय."

"अजून बारा दिवस आहेत त्यांना."

"अहो बाई, कोण बघतंय? दिसायला तर सारख्याच."

भिवरानं एक वडी उचलून त्याच्या हातावर ठेवली. "मग लावा तुमच्या जिभेला."

व्यापाऱ्यानं वडीकडं पाहिलं, भिवराकडं पाहिलं, वडी हळूच मांडणीवर परत ठेवली आणि चपला घालून वाटेला लागला. भिवराची भीती जन्मभर गेली नाही. पण आता ती भीती वडी मांडणीवर असतानाच यायची, आणि वडी उंबऱ्याबाहेर गेली की भिवरा पोटभर जेवायची.

तात्पर्य: जे स्वतःच्या जिभेला लावायची भीती वाटते, ते दुसऱ्याच्या हाती देऊ नये. भीती आधी बाळगली तर ती राखण करते, मागाहून वाटली तर जाळत राहते.