विस्तव मागायला

"पण बुवा, खरं सांगा, सूर्य शेवटचा कधी पाहिलात?"

रवळूबुवांनी बोटांवर मोजलं. एक हात संपला, दुसरा संपला, मग त्यांनी नाद सोडला.

"महिना झाला असेल. का रे? त्याच्याकडे काही काम होतं?"

तुळाजीनं कपाळाला हात लावला.

कुंभ्याची वाडी घाटमाथ्याच्या अगदी काठावर. आषाढात तिथं ढग उतरतो तो गणपती आटोपल्यावरच उठतो. पाऊस वरून पडतो, दरीतून वर येतो, आडवाही येतो. दारातून अंगणातली तुळस दिसली, तर लोक म्हणतात, आज बरंच उघडलंय बाई. असल्या ठिकाणी बुवांची मठी होती, मठीत धुनी होती, आणि बुवांच्या गुरूंनी पेटवल्यापासून ती धुनी एकदाही विझली नव्हती.

तुळाजी हा बुवांचा शिष्य. बारा वर्षं त्यानं इथं लाकडं वाहिली, राख काढली, बोलणी खाल्ली आणि हुशार निघाला. गेल्या दसऱ्याला माणदेशातल्या लोकांनी त्याला नेऊन आपल्या माळावरच्या रिकाम्या मठीत बसवला. तिकडे त्याला तुळाजीमहाराज म्हणतात. म्हणोत बापडे. त्या 'महाराज'नं त्याची मान जराशी ताठ केली होती, एवढं मात्र खरं.

मन वाईट नव्हतं हो. तो आला होता बुवांना न्यायला. बुवांचा खोकला जुना, पण यंदा तो छातीत उतरला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं की, या ओलीत म्हातारा फार पावसाळे काढायचा नाही. तुळाजी काल संध्याकाळी एस.टी.तून उतरला तो मनाशी ठरवूनच. उद्या सकाळच्या गाडीत बुवांना बसवायचं. एकट्यानं परत जायचं झालं, तर पुढच्या खेपेला बुवा भेटतील की नाही, कुणी सांगावं!

"तिकडे धोतर वाळत घातलं की चिलीम संपायच्या आत कडकडीत," तो म्हणाला.

"चिलीम ओढायला लागलास?"

"नाही हो! बोलायची रीत आहे तिकडची."

"बरं."

"इथं बघा. भजनाच्या वहीला बुरशी. घोंगडीला वास. मीठ चिमटीत येत नाही, ओतावं लागतं. काल येताना पायाला सहा जळवा लागल्या."

"मोजल्यास?"

"बुवा..."

"बोल, बोल. ऐकतोय."

"तिकडे आभाळ आहे, बुवा. निळंशार. सकाळी आसनावर बसलं की मन कसं पटकन लागतं. इथं देवाचं नाव घ्यायला बसावं, तर कौलातून टाळूवर थेंब."

"ते खरंय," बुवा म्हणाले आणि खोकायला लागले. खूप वेळ खोकले. तुळाजीनं पाठीवरून हात फिरवला, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"माणसं कशी आहेत तिकडची?" दम परत आल्यावर बुवांनी विचारलं.

"चांगली आहेत. वाकून नमस्कार करतात."

"शेजारी कोण आहे?"

"शेजार तसा लांब आहे. पण दिसतो कसा स्वच्छ! अहो, पलीकडच्या गावातल्या देवळाचा कळस दिसतो."

"शेजाऱ्याचं नाव काय?"

तुळाजी आठवत बसला... दहा महिने झाले होते त्याला तिथं.

"मी जरा पडतो," बुवा म्हणाले. "विचार करतो तुझ्या म्हणण्याचा. पडल्या पडल्या बरा होतो माझा विचार."

ते कुशीवर वळले. पण धुनीचा धूर काही वर जाईना. बाहेरची हवाच इतकी जड, की धूर आढ्यापर्यंत जाई आणि तसाच खाली येऊन बुवांच्या नाकातोंडात शिरे. बुवा झोपेत खोकत, दचकत, पुन्हा डोळे मिटत.

तुळाजीला ते बघवेना.

माणदेशात गावाच्या चारी बाजूंना कडब्याच्या गंजी. वारा सुटला की एक ठिणगी पुरे. म्हणून तिकडे काम झालं की विस्तवावर पाणी मारायचंच, लहानथोर सगळे मारतात. तुळाजीच्या मठीतली धुनीही सकाळी पेटायची, पूजेनंतर विझायची. कुणाचं काही अडत नव्हतं. काडी ओढली की पेटली.

त्यानं विचार केला, गुरूचा श्वास मोठा की लाकडाचा धूर मोठा? बुवा उठायच्या आत पुन्हा पेटवून ठेवू. काडेपेटी तर आहेच.

त्यानं तांब्या उचलला आणि धुनीवर ओतला.

चर्र झालं... मग काहीच नाही.

बुवांचा खोकला मात्र थांबला, हे सांगितलंच पाहिजे. म्हातारा शांत झोपला. तुळाजी त्यांच्या पायाशी बसून राहिला, मनातून खूश.

तासाभरानं दारात पानांचं इरलं हललं. इरल्याखालून सतूकाकी निघाली. ही खालच्या आळीची, साठीची बाई, तोंडात घास असला तरी गप्प बसणारी नव्हे. हातात मातीचं खापर.

"बुवा, विस्तव द्या हो. चूल गेली माझी."

ती आत आली, धुनीपाशी वाकली. तशीच वाकून राहिली.

"काकी, थांबा जरा," तुळाजी उठला. "आत्ता पेटवतो."

कोनाड्यातली काडेपेटी त्यानं घेतली. काल आल्याबरोबर तिथं ठेवली होती, तिकडे मठीच्या भिंतीवर उघडीच ठेवायचा तशी. त्यानं काडी ओढली. गुल चिखलासारखा पेटीला फासला गेला. दुसरी ओढली. तिसरी मोडली. दहा झाल्या, पंधरा झाल्या. त्याच्या कपाळावर घाम आला, तेवढ्या गारठ्यात.

"अरे तुळाजी," सतूकाकी म्हणाली, "बारा वर्षं राहिलास ना रे इथं? काडेपेटी तांदळात ठेवतात!"

"विसरलो, काकी."

"काय विसरला हा?" मागून आवाज आला.

बुवा उठून बसले होते. त्यांनी धुनीकडे पाहिलं. काळी लाकडं, राखेचा गारा, त्यात साचलेलं पाणी. दारातून धुकं आत आलं आणि धुनीवर जाऊन बसलं.



"पाणी कुणी ओतलं?"

"मी."

"का?"

"तुम्ही धुरानं खोकत होता."

बुवांनी अंगावरची घोंगडी बाजूला सारली. "झोप छान लागली," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

तुळाजीची ताठ मान तिथं मोडली. त्यानं पाय धरले आणि मोठ्यानं रडायला लागला. "तुमच्या गुरूंच्या हातची धुनी, बुवा! माझ्या हातानं विझवली मी! कुठं फेडू हे पाप?"

"रडून ओल वाढवू नकोस. आधीच काय कमी आहे?"

"माझ्या घरी कोरडी काडेपेटी आहे," सतूकाकी म्हणाली. "तांदळाच्या डब्यात. पळत जाऊन आणते."

"नको," बुवा म्हणाले.

तुळाजीनं नाक पुसत वर पाहिलं. "काकी... घरात कोरडी काडेपेटी आहे? मग विस्तव मागायला कशाला येता एवढ्या पावसात?"

"ऐका बुवा, तुमचा महाराज काय विचारतो!" काकीनं कंबरेवर हात ठेवला. "दहा पावलांवरचं दिसत नाही इथं. बुवा आहेत का गेले, ते काडेपेटी सांगेल मला?"

बुवा हसले, हसता हसता खोकले. मग त्यांनी काकीच्या हातातलं खापर घेऊन तुळाजीच्या हातात दिलं.

"जा. मागून आण."

"कुणाकडून?"

"ज्यांना ज्यांना दिलाय, त्यांच्याकडून."

तुळाजी इरलं घेऊन बाहेर पडला. वाट पायाला माहीत होती म्हणून बरं, डोळ्यांना तर काहीच दिसत नव्हतं. पहिलं घर पार्वतीवैनींचं. ते दिसायच्या आधी त्यांचा कुत्राच भुंकला.

"कोण?"

"मी तुळाजी. विस्तव मागायला आलोय."

वैनी लगबगीनं दारात आल्या. मठीतून कुणी विस्तव मागायला येतं, हे वाडीनं कधी पाहिलं नव्हतं.

"बुवा बरे आहेत ना?" वैनींनी आधी हेच विचारलं. चूल त्यांचीही गेली होती, काटक्या सादळल्या होत्या. पण पेज गरम होती. ती त्यांनी वाटीभर प्यायलाच लावली. "वर धुळूकडे जा, भावोजी. त्यानं परवाच नेलाय बुवांकडून. तो विझू द्यायचा नाही, म्हशीगत जपतो."

धुळू धनगराचं खोपट वरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर, अगदी टोकाला. वारा असा, की इरलं धरावं का स्वतःला धरावं. तुळाजी पोचला तेव्हा म्हातारा धुळू चुलीपुढे उकिडवा बसला होता.

"बुवांचा खोकला कसाय?" विस्तवाचं नाव काढायच्या आधी त्यानं विचारलं.

"आहे तसाच आहे."

"रात्री पाठ शेकतात का?"

"सांगतो त्यांना."

धुळूनं खापरात राख घातली, राखेवर चार निखारे ठेवले, वर पुन्हा राख पसरली. "परवाचाच आहे हा, तिथलाच," तो म्हणाला. मग तुळाजीकडे नीट पाहिलं. "आणि तू रे? वाळलास किती! तिकडे वेळेवर जेवतोस ना? करून कोण घालतं?"

दहा महिन्यांत तुळाजीला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण आणि कसं? तो कुणाच्या दारात गेलाच नव्हता. लोक यायचे, नमस्कार करायचे, पाच हात लांब बसून जायचे. त्याला एकदम फार एकटं वाटलं. एवढ्या उन्हातले दहा महिने, आणि त्यातलं एकही दार त्याला आठवेना.

"जेवतो," तो कसाबसा म्हणाला.

परतीला पाऊस तिरका झाला. तुळाजीनं अंगावरचं इरलं काढलं आणि खापरावर धरलं. दहा पावलं चालायचं, गुडघ्यावर बसायचं, इरल्याखाली तोंड घालून फुंकर घालायची. राख उडून डोळ्यांत जायची. पुन्हा दहा पावलं. वाटेत वैनी दारात उभ्याच होत्या. "मिळाला का हो?" त्यांनी धुक्यातूनच विचारलं. "मिळाला!" तो ओरडला, आणि त्याला हसू आलं.

मठीत सतूकाकीनं तोवर धुनी कोरडी केली होती, बुवांच्या अंथरुणाखाली उबेला ठेवलेल्या काटक्या काढून रचल्या होत्या. तुळाजीनं खापर खाली ठेवलं. राख सारली. तीन निखारे काळे पडले होते. चौथ्याच्या पोटात थोडंसं लाल होतं.

तिघांनी मिळून फुंकर घातली. बुवांनाही दम नसताना घालायची होती, ऐकतात कुणाचं?

ज्योत आली.

"भिजलास पुरता," बुवा म्हणाले.

"हो."

"जळवा?"

"मोजल्या नाहीत."

सतूकाकीनं आपल्या खापरात दोन निखारे घेतले. "आता घरची चूल पेटते बाई," असं म्हणून इरल्याखाली शिरली आणि धुक्यात नाहीशी झाली.

दोघंच उरले. धूर आढ्याला गेला आणि मुकाट्यानं खाली आला. बुवा खोकले.

"बुवा, धुळूबाबा म्हणाला, पाठ शेकत जा."

"शेकीन."

"पार्वतीवैनींनीही विचारलं."

"विचारतात सगळे."

तुळाजी धुनीकडे बघत राहिला... "तिकडे तुमचा खोकला खरंच कमी होईल, बुवा. डॉक्टरांचं खोटं नाही."

"कुठं म्हणतो मी खोटं आहे? आज दुपारच्या झोपेतच कळलं की."

"पण तुम्ही यायचे नाही."

"नाही रे बाळा."

हे 'बाळा' बारा वर्षांत पहिल्यांदाच आलं. तुळाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. या वेळी बुवांनी ओलीचं नाव काढलं नाही.

"मग मीच राहतो इथं," तो म्हणाला. "तुमची पाठ शेकतो. तिकडे माझं काय अडलंय? आणि त्यांचं तरी माझ्यावाचून काय अडतं? बारा महिने ऊन, घराघरात कोरडी काडी. कुणाला कुणाकडे जावं लागत नाही."

बुवांनी एक लाकूड उचललं, उलटं केलं, पुन्हा धुनीत सरकवलं.

"पाठ शेकायला सतू आहे, धुळू आहे," ते म्हणाले. "तू उद्याच्या गाडीनं जा."

"जाऊन काय करू, बुवा?"

बुवा कोनाड्याकडे बघत होते. तिथं ती सादळलेली काडेपेटी अजून पडली होती.

"ती इथंच ठेवून जा," ते म्हणाले. "आणि दुसरी घेऊ नकोस."