उत्तर न मागणारा इशारा

“पण मास्तर, इशारा गेला होता की! मग चूक माझी कशी?”

प्रद्युम्न रिसबूडचा आवाज चढला होता. धरणाच्या वसाहतीतल्या शेवटच्या घराच्या पायरीवर दस्तगीर मास्तर शेंगा सोलत बसले होते.

मास्तरांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी कितीतरी इंजिनिअर घडवले. प्रद्युम्न त्यांतला सगळ्यात हुशार. हे मास्तरांना ठाऊक होतं. प्रद्युम्नला जरा जास्तच.

त्यानं एक कागद पुढे केला.

“चौकशी बसलीय. माझं काम निर्दोष होतं, एवढं लिहून द्या. तुमच्या सहीपुढे कोणी बोलणार नाही.”

मास्तरांनी कागद घेतला नाही.

“सोमवारी काय झालं?”

“सगळ्यांना माहितीय.”

“तुझ्या तोंडून सांग.”

प्रद्युम्ननं वैतागून सुस्कारा सोडला.

“नदीकाठच्या धोक्याच्या भोंग्याची तार सकाळी सव्वाअकराला तुटली. धरणावरच्या स्विचला, म्हणजे सगळ्या तारा जिथं जोडल्यात त्या नेटवर्कच्या यंत्राला, ते त्याच क्षणी कळलं. त्यानं पुण्याच्या देखरेख केंद्राला इशारा पाठवला. ती सेटिंग मीच केलीय. नोंद आहे, सेकंदासकट!”

“पुढे?”

“केंद्राचं मशीन तेव्हा बंद करून पुन्हा चालू करत होते. सात मिनिटं. इशारा नेमका त्यात हरवला. त्याला मी काय करणार?”

“पुढे?”

“दुपारी दोनला धरणाचे दरवाजे उघडले. त्याआधी भोंग्याचं बटण दाबलं, पण...”

“बोल.”

“भोंगा वाजला नाही.”

“नदीत कोण होतं?”

“बिरू हाके. मेंढ्यांना पाणी पाजत होता. एकसष्ट मेंढ्या गेल्या. त्याचा पाय खडकात अडकला... गुडघ्याखाली कापावा लागला.”

मास्तर उठले. मांडीवरची टरफलं पायरीवर सांडली.

“स्विचमध्ये इशारे पाठवायचे दोन प्रकार असतात. शिकवले होते मी.”

“हो. एक पाठवतो आणि मोकळा होतो. दुसरा पोच मागतो. ती आली नाही की पुन्हा पाठवतो.”

“तू कोणता लावलास?”

“...पहिला.”

“का?”

“दुसऱ्यात पोच आली नाही की अहवालात लाल खूण उमटते. दर महिन्याला साहेब जाब विचारतात. पहिल्यात लाल काही येतच नाही.”

“म्हणजे बिरू पाण्यात सापडला, त्या दिवशीचा अहवाल...”

“अगदी स्वच्छ आहे! म्हणून तर म्हणतोय मास्तर, हे माझ्यावर बालंट आहे. मी नियम सोडून काहीही...”

“लाज नाही वाटत?”

मास्तर एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या घराची खिडकी उघडली. ते तरातरा आत गेले. दार धाडकन लागलं. आतून कडी पडली.

प्रद्युम्ननं दार वाजवलं.

आतून काही नाही.

“मास्तर, ऐका तरी!”

पुन्हा वाजवलं. मग तळहातानं थापटलं. मागच्या दाराशी जाऊन हाका मारल्या. परत पुढे येऊन मुठीनं बडवू लागला. मूठ लाल झाली. शेजारीण बाहेर येऊन बघत राहिली. तो थांबला नाही.

शेवटी कडी निघाली.

“किती वेळा वाजवलंस?”

“मोजलं नाही! तुम्ही उघडतच नव्हता...”

“एकदा वाजवून, वेळ लिहून घेऊन, घरी का नाही गेलास?”

प्रद्युम्ननं आपल्या लाल मुठीकडे पाहिलं.

मग त्यानं तो कागद फाडला आणि तिथंच, टरफलांच्या पसाऱ्यात, लॅपटॉप उघडून बसला.

पहिला प्रकार काढून त्यानं पोच मागणारा दुसरा लावला.

सेटिंग बदलून झाल्यावर त्यानं पुण्याला फोन केला. केंद्राचं मशीन मुद्दाम बंद ठेवायला सांगितलं, आणि चाचणीसाठी एक खोटा इशारा सोडला.

स्विचनं तो पाठवला. पोच नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा नाही.

पुण्याचं मशीन चालू झालं. नवव्या खेपेला पोच आली.

अहवालात आठ लाल खुणा उमटल्या होत्या. महिनाअखेरीला त्या साहेबांसमोर जाणार होत्या. प्रद्युम्ननं त्या पुसल्या नाहीत.

त्यानं लॅपटॉप मिटला.

“मास्तर... बिरूकडे जातो दवाखान्यात.”

मास्तर पायरीवरची टरफलं गोळा करू लागले.

“नेमकं काय बिघडलं, ते त्याला नीट समजावून सांगतो. आता असं होणार नाही, हेही सांगतो. आणखी... आणखी काय सांगू त्याला?”

मास्तरांच्या डोळ्यांतला राग अजून तसाच होता.

“तुझं सांगणं राहू दे,” ते म्हणाले. “तो काय म्हणतो, ते ऐकून ये.”