खेमा जासुदाची दुडकी चाल

अंबरठाणच्या राजानं खेमा जासुदाची नोकरी काढून घेतली, आणि त्याला कारण झालं एक गाढव!

राजे भुजंगराव सकाळी गच्चीवर उभे होते. खालच्या रस्त्यानं खेमा सरकारी पत्रांची थैली घेऊन आपल्या नेहमीच्या दुडक्या चालीनं निघाला होता. तेवढ्यात परटाचं मोकळं सुटलेलं गाढव आलं आणि त्याला मागं टाकून पुढं गेलं. राजांनी ते पाहिलं. राणीसाहेबांनीही पाहिलं, आणि त्या हसल्या. मग काय विचारता!

दुसऱ्या दिवशी खेमा परतला, तो थेट दरबारात उभा राहिला.

"माझा जासूद गाढवाच्या मागं?" राजे गरजले.

"गाढव चावडीपर्यंतच गेलं, महाराज," खेमा म्हणाला. "मी वीस कोस जाऊन आलो."

दिवाण त्रिंबकपंत हळूच म्हणाले, "सरकार, वीस वर्षांत याचं एकही पत्र उशिरा पोचलेलं नाही."

"पोचलं असेल! पण दिसतं कसं ते? आजपासून थैली घोडेस्वारांकडे. आणि तू रे, ज्या दिवशी माझ्या भरारीला हरवशील, त्या दिवशी थैली परत मागायला ये!"

भरारी म्हणजे राजांची लाडकी घोडी. ती सुटली की नुसती धूळ दिसायची. दरबार खदखदून हसला. खेमाला हसू आलं नाही. धावण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दरबाराच्या मते धावणंही येत नव्हतं.

क्षणभर त्यानं विचार केला. "हरवतो, महाराज. घोडी बदलायची नाही. आणि कुठवर धावायचं, तेवढं मी सांगावं."

"सांग की! त्या चिंचेपर्यंत? वेशीपर्यंत? तुला झेपेल तेवढंच सांग हो! शब्द दिला!"

"माडबंदरापर्यंत."

दरबाराचं हसू जागच्या जागी विरलं. माडबंदर म्हणजे ऐंशी कोस! मध्ये आख्खा घाट!

"महाराज, एवढ्या लांब…" दिवाण पुटपुटले.

"शब्द म्हणजे शब्द!" राजे आणखीच चढले. "आणि घोडीवर मी स्वतः बसणार!"

खेमाची बायको सगुणा भाकऱ्या बांधून देताना म्हणाली, "राजाशी शर्यत लावलीत? हरलात तर नोकरी जाईल, आणि जिंकलात तर डोकं!"

"नोकरी गेलेलीच आहे," खेमा म्हणाला. "डोक्याचं बंदरावर बघू."

सकाळी नगारा वाजला. भरारी अशी सुटली, की खेमा वेशीबाहेर पडेपर्यंत राजे तीन गावं पुढं होते. खेमा गेला तो दुडक्या चालीनं. वाटेत शेतातल्या बाया त्याला विचारत होत्या, "शर्यत कधी सुरू व्हायचीय, भाऊ?"

राजांचं मात्र वेगळंच चाललं होतं. राजा स्वतः आलेला! एका गावात ओवाळणी, दुसऱ्या गावात पाटलाचं भाषण, तिसऱ्या गावात पुरणपोळी. नाही कसं म्हणणार? राजे जेवत, लवंडत, मग घोडी भरधाव सोडत आणि दुपारी खेमाला गाठत.

"काय रे, अजून इथंच?" राजे ओरडत.

"इथं आत्ताच आलो, महाराज. लगेच निघतोय!"

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर खेमाच्या पोटरीत असा गोळा आला, की तो मटकन खाली बसला. समोर दरीपलीकडं समुद्राची धुकट निळी रेघ दिसत होती, आणि ती फार लांब होती. सगळं सोडून द्यावं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. त्यानं पोटरी चोळली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि लंगडत उठला. आधी चालला. मग हळूहळू दुडकी परत आली.

तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी राजे झाडाखाली बसले होते. भरारी मान टाकून उभी होती. तिच्या पायांना तेल चोळणं चालू होतं. शेजारून खेमा निघाला.

"थांब!" राजे ओरडले. "आमची आज्ञा आहे!"

खेमा थांबला. हात जोडून म्हणाला, "आज्ञा राजाची की शर्यतीतल्या गड्याची, महाराज? राजाची असेल, तर इथंच बसतो आणि राजानं शर्यत थांबवली म्हणून सांगतो. गड्याची असेल, तर माफ करा, मला घाई आहे."

भोवती गावकरी जमलेले. राजांनी ओठ चावला. "…गड्याची."

"मग येतो!"

चौथ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत खेमा माडबंदरात पोचला. तिथल्या किल्लेदारानं साक्षीचा कागद लिहून दिला. राजे आले तिन्हीसांजेला, आणि तेही पायी! मागं लगाम धरून आणलेली भरारी लंगडत होती.

राजे धपकन वाळूत बसले. पायांना फोड आलेले. खेमानं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते घटाघटा प्यायले आणि डोळे वटारून म्हणाले, "खरं सांग! तू या घोडीपेक्षा मंद. माझ्या कुठल्याही जासुदापेक्षा मंद. गाढवापेक्षा मंद! मग आधी पोचलास कसा? उत्तर पटलं नाही, तर शर्यत रद्द!"

किल्लेदारानं साक्षीच्या कागदाकडं बोट दाखवलं.

"महाराज, मंद आहे हे कबूल," खेमा म्हणाला. "पण मी सगळ्याच बाबतीत मंद. दमायलासुद्धा मला फार वेळ लागतो!"

राजे जे हसत सुटले, ते फोड आलेले पाय धरून वाळूत आडवे झाले.

डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून खेमाच्या हातात घातलं. "थैली तुझी! आणि आजपासून राज्यातल्या सगळ्या जासुदांचा नाईक तू! चल, भरारीचा पाय बरा झाला की तिच्यावर बसवून मानानं परत नेतो तुला."

"मेहरबानी, महाराज," खेमा धोतर खोचत म्हणाला, "पण मला जरा लवकर घरी पोचायचंय!"