पांढरा खडा

त्या राज्यात पाणमांजरांना पोहता येत नसे, आणि हे कोणी मोठ्याने बोलत नसे.

नदी होती. नदीकाठी शाळा होती. शाळेत पाणविद्या शिकवत, ती अशी: पिल्लं काठावर रांगा करून उभी राहायची, त्यांच्यापुढे थोरले उभे राहायचे आणि थोरल्यांच्या पाठींपलीकडे पाणी असायचं. "पाण्यात पाय घालायचा नाही, गढूळ होतं," असं मिशाळ गुरुजी रोज बजावत. नदी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती. पाहुणे आले की गुरुजी एक पंजा भिजवून दाखवत. पिल्लं टाळ्या वाजवत.

लव्हाळी शेवटच्या रांगेतली. कुठल्या थोरल्याच्या पाठीवर कुठे टक्कल पडलंय ते ती डोळे मिटून सांगू शकली असती. नदीचा रंग मात्र तिला नक्की माहीत नव्हता.

मग नदीत रोग आला. शाळा बंद झाली आणि थोरल्यांनी बिळाबिळांत एकेक शिंपला पोचवला. टेकाडापलीकडच्या बिळांत नाही पोचवला. "पोचेल की, घाई काय आहे," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला, आणि तो खरंच संपला. शिंपल्याच्या चकाकीत नदी दिसायची आणि त्या नदीत कुठल्याशा परमुलखातलं पाणमांजर पोहायचं.

लव्हाळीने पाण्यात वळणारी शेपटी पहिल्यांदा पाहिली ती तिथे. मधे कुणाची पाठ नव्हती. शिंपला तिरका केला की ते पाणमांजर पुन्हा पहिल्यापासून पोहायचं, न चिडता, 'मठ्ठ' न म्हणता. लव्हाळी बिळाच्या मातीत पालथी पडायची. पुढचे पंजे छातीशी, मागचे ताणलेले, शेपटीला सावकाश वळण. पोट सोलवटून निघायचं.

"काय गं, जमिनीत पोहतेस?" आई हसायची.

"सराव करतेय. नदी उघडली की सूर मारणार. पार पलीकडच्या काठापर्यंत."

"आणि बुडालीस म्हणजे?"

"बुडेन. पण ओली तरी होईन ना!"

आईने तिच्या पोटावरची माती झटकली. तीही त्याच शाळेत शिकली होती.

पुढे रोग ओसरला. शाळेचं काय करायचं म्हणून थोरल्यांची सभा भरली आणि पिल्लांना विचारायचं ठरलं. आजवर त्यांना कधी काही विचारलेलं नव्हतं, त्यामुळे या मोठेपणाची दवंडी चांगली महिनाभर पिटली गेली. मग शिंपल्यातून प्रश्न आला. शिकायला बीळ आवडतं की काठ? बीळ आवडत असेल तर पांढरा खडा टाका, काठ आवडत असेल तर काळा.

लव्हाळी दोन्ही खडे घेऊन बसून राहिली. काठ म्हणजे पाठी. बीळ म्हणजे निदान ती शेपटी. शेवटी तिने शिंपल्याशी तोंड नेलं.

"गुरुजी, पाण्यात उतरायचं असेल तर कुठला टाकायचा?"

"विचारलंय तेवढंच सांगावं, बाळ," आतून मिशाळ गुरुजी म्हणाले. "खडे दोनच आहेत."

तिने पांढरा टाकला. जवळजवळ सगळ्यांनीच पांढरा टाकला. टेकाडापलीकडून एकही खडा आला नाही. प्रश्न शिंपल्यातून विचारला होता.

पांढरा ढीग बघून थोरल्यांना मनापासून बरं वाटलं. "ऐतखाऊ पिढी! अंथरुणातून उठायला नको यांना. आम्ही उन्हातान्हात काठावर उभे राहायचो." उभेच राहायचो, हे त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. पिल्लांनाच नदी नको आहे, तर ती सांभाळायची कशाला? त्यांनी वरच्या अंगाला बांध घातला आणि पाणी आपापल्या अंगणातल्या डोहांकडे वळवलं. त्या डोहांच्या कडेला ते संध्याकाळी बसू लागले. कोरडेच.

शिंपल्यातून हे कोणी कळवलं नाही. शिंपल्यात नदी वाहतच होती.

एका सकाळी लव्हाळी बिळाबाहेर पडली. "लव्हे, थांब!" म्हणत आई मागे धावली, तोवर ती काठावर पोचली होती. आज पुढे एकही पाठ नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले, पंजे छातीशी घेतले आणि शिकली होती अगदी तसा सूर मारला.

संध्याकाळी थोरले पाय मोकळे करायला तिकडे आले. नदीच्या पात्रात वाळूवर एक लांब खूण उमटली होती. पंजांची ओढ सारखी, शेपटीचं प्रत्येक वळण रेखीव, कुठेही चूक नाही, या काठापासून थेट त्या काठापर्यंत.

"बघा," मिशाळ गुरुजी म्हणाले, "यांना कोरडंच आवडतं."

खूण संपत होती तिथे, पलीकडच्या काठाशी, वाळूत डोकं टेकल्याचा एक खळगा होता. सगळ्या पात्रात तेवढ्याच जागी, शेजारी शेजारी दोन ठिकाणी, वाळू ओली होती.