आत कोन हाय?

“आत कोन हाय?” बुवांनी विचारलं.

आपटे मास्तर खूश झाले. जन्मभर भूमिती शिकवली, पण हृदयातले कोन विचारणारा विद्यार्थी काही भेटला नव्हता. आणि इथे, बिरोबाच्या देवळामागच्या खोलीत, घोंगडीवर बसून लोकर पिंजणारा म्हातारा तेच विचारत होता!

खरं तर मास्तर आले होते आपलं दुखणं घेऊन. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, बुवांकडे जा, ते आतलं बघतात. मास्तरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण आज त्यांना घरात बसवेना.

मास्तरांनी घसा खाकरला. “लोक हृदय बदामासारखं काढतात, ते साफ चूक. हृदय म्हणजे उलटा शंकू. तोही तिरका. टोक खाली, डावीकडे.”

“आसंल. पर आत कोन हाय?”

“टोकाशी लघुकोन. साधारण साठ अंश धरा.”

बुवांनी लोकरीत अडकलेला काटा काढून टाकला.

“त्यो न्हवं. आत कोन हाय?”

“आत म्हणजे... आत चार कप्पे. मधला पडदा तिरपा जातो, तिथे बहुधा विशालकोन होईल.”

बुवांनी पुन्हा लोकर पिंजायला घेतली.

बुवांच्या जिभेवर ‘ण’ कधी चढला नव्हता. पाण्याला ते पानी म्हणत आणि ‘कोण’ला कोन. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं. पण कोन हा शब्द कानावर पडला की त्यांना दुसरं काही ऐकूच येत नसे.

खालून, गावातून सनई ऐकू आली. मास्तरांनी तोंड फिरवलं.

“कुनाचं लगीन?”

“पुतणीचं.”

“मग तुमी हितं कसं?”

“कोनामुळे!” मास्तर उसळले. “माझ्या भावानं, वामननं, आमच्या दोघांच्या अंगणात भिंत घातली. मी स्वतः कोनमापक लावून पाहिला. अठ्ठ्याऐंशी अंश! म्हटलं, पाड ती, काटकोनात बांध. तर म्हणतो, दादा, दोन अंशांनी काय होतंय? भूमितीच्या मास्तराचा सख्खा भाऊ, आणि हे बोलतो! तेव्हापासून बोलणं बंद.”

“बलावलं न्हाई त्यानं?”

“आला होता ना अक्षत घेऊन. मी दार उघडलं नाही. माझं दार असं काटकोनात बसवलंय बुवा, एकदा लावलं की वारासुद्धा आत येत नाही. तो बाहेरून हाका मारत होता, दादा, दादा... त्याची मुक्तीही होती बरोबर. लहानपणी माझ्याच मांडीवर बसून वर्तुळं काढायची पोर...”



बुवांनी लोकर बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकत उठले, आणि मास्तरांच्या छातीवर आपला खरखरीत तळहात ठेवला.

“आत कोन हाय?”

मास्तरांनी तोंड उघडलं. अंश अगदी ओठांवर आले होते...

“वामन आहे,” ते म्हणाले. “आणि मुक्ती.”

मग जन्मभर पोरांना छडीच्या धाकात ठेवणारा हा माणूस ढसाढसा रडला. पुसायला दुसरं काही सापडेना म्हणून बुवांनी मूठभर लोकर पुढे केली. मास्तरांनी तिनंच नाक पुसलं, आणि शिंका देत बसले.

खाली सनई थांबली. आता मंगलाष्टकं सुरू होणार. मास्तर धडपडत उठले, डाव्या पायात उजवी चप्पल घातली आणि निघाले. जाता जाता सवयीनं त्यांनी दार ओढून घेतलं. लागेना. पुन्हा ओढलं. तरी फट राहिलीच. इतक्या घाईतही त्यांना राहवलं नाही. एक डोळा मिटून त्यांनी चौकट न्याहाळली.

“बुवा, चौकट वाकडी आहे तुमची! दार लागतच नाही!”

“न्हाई लागत,” आतून बुवा म्हणाले. “म्हनून तर तुमी आत आला.”