गच्चीवर साठवलेलं पाणी

त्या गुरुवारी वारा अगदी पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, पण पाऊस नाही. झाडाखाली उभं राहिलं तरी घाम थांबेना. अशा दुपारी एक विद्यार्थी बांधकामावर आला.

हा कॉलेजात शिकणारा, आणि दोन महिने एका बांधकामाच्या ऑफिसात काम शिकायला लागलेला. गावाबाहेर शाळेची नवी इमारत उठत होती. तिचं काम ठरल्या तारखेला होतंय की नाही, यावर त्या ऑफिसाची नजर. विद्यार्थ्याच्या हाती एक तक्ता दिला होता. रोज एकेका मुकादमाला फोन लावायचा, काम झालं का विचारायचं. झालं म्हणाला की चौकोन हिरवा, अडलं म्हणाला की लाल. दिवसाला चाळीस-पन्नास फोन. संध्याकाळी त्याला स्वतःचा आवाजसुद्धा नकोसा व्हायचा.

आता सोमवारी शाळा भरायची होती आणि तक्ता सगळा हिरवा होता. साहेब म्हणाले होते, एकदा तिकडे डोकावून ये, शनिवारी तुझ्या काम शिकल्याच्या दाखल्यावर सही करतो. त्या दाखल्याशिवाय कॉलेज त्याला पुढच्या वर्षात घेणार नव्हतं.

गच्चीखालच्या वर्गात एक वृद्ध गवंडी आपली थापी धूत बसला होता. विद्यार्थ्याने सवयीने त्यालाही विचारलं, बाबा, गच्चीचं काम झालं ना?

गवंडी थापी ठेवून उठला. सावकाश जिना चढून वर गेला. पाणी जायच्या तोंडांत त्याने गोणपाट कोंबलं, रबरी नळी सोडली आणि गच्चीवर घोटाभर पाणी साठू दिलं. मग खाली येऊन म्हणाला, "बस इथं. छताकडं बघत राहा."

विद्यार्थी बसला. एक तास गेला, दुसरा गेला. छत कोरडंच. त्याला वाटलं, म्हातारा आपली थट्टा करतोय. किती वेळ बसायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा गवंडी म्हणाला, उद्या ये. तक्त्यात गळती बघायची ही पाण्याची परीक्षा कधीच हिरवी झाली होती. फोनवर कुणीतरी झालं म्हणालं होतं. तरी तो शुक्रवारी पुन्हा आला. उठायचं त्राण नव्हतं म्हणून असेल, पण बसून राहिला.

चारच्या सुमाराला फळ्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात एक ओला डाग उमटला, रुपयाएवढा. पाच वाजता तो भाकरीएवढा झाला, आणि पहिल्या बाकाच्या जागी थेंब पडला.

विद्यार्थ्याने त्या ओल्या जागेवर बोट टेकवून पाहिलं. मग त्याने हळूच विचारलं, हा कोपरा कुणी केला?

"मीच," गवंडी म्हणाला. "त्या दिवशी लई दमलो होतो. मनात शंका होती, पण इथवर येऊन मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून बोललो नाही."

मग तो म्हणाला, "लेकरा, तुला कुणी मुद्दाम फसवलं नाही. दमलेल्या माणसाला विचारलं की तो झालं म्हणतो, त्याला घरी जायचं असतं. ऐकणाराही दमलेला, तो लिहून घेतो. पाण्याला कुठं जायची घाई नसते. त्याला विचारावं, आणि ते सांगेस्तोवर खाली बसावं."

संध्याकाळी ऑफिसात येऊन विद्यार्थ्याने तो एक चौकोन लाल केला. साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा काढून डोळे चोळले. आवाज काही चढवला नाही. शाळा आठ दिवस पुढे ढकलू, म्हणाले, आणि दाखल्याचं मग बघू. शनिवारी सकाळीच गवंड्याने तो कोपरा फोडायला घेतला. विद्यार्थी घमेल्यातला राडारोडा उचलून टाकत दिवसभर त्याच्यासोबत राहिला.

विद्यार्थी एका खोलीत भाड्याने राहायचा. शेजारच्या शेवंतामावशी त्याला डबा द्यायच्या. जेवण झालं का, हे त्या रोज दारातूनच विचारायच्या. तोही रोज आतून झालं म्हणायचा, आणि सकाळी डबा निम्मा भरलेला परत जायचा. त्या दिवशी, सिमेंटने पांढरे झालेले पाय घेऊन तो पायरीवर टेकला, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं.

"नाही झालं, मावशी," तो म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं.

"मला रोज ठाऊक असायचं रे. हात धू, मी तुझ्याजवळ बसते."